हेडफोन आणि वर्धक: जोडी कशी जमवावी

हल्लीं कानाला हेडफोन लावून बसलेला मुलगा किंवा मुलगी ज्या घरांत नाहीं, असें घर आमच्या सोलापुरांत शोधूनच काढावें लागेल. कोणी गाणें ऐकतो, कोणी परीक्षेचीं व्याख्यानें ऐकतो, कोणी विजेच्या पियानोवर रात्रीं उशिरां सराव करतो आणि शेजाऱ्यांची झोप मोडूं नये म्हणून तो आवाज आपल्याच कानांपुरता ठेवतो. या वस्तूचा प्रसार इतका झाला असला, तरी तिच्याविषयीं विद्यार्थी व पालक आम्हांस बहुधा एकच प्रश्न विचारतात: "सर, कोणता हेडफोन चांगला?" हा प्रश्नच मुळीं अर्धा आहे. बैल कोणता चांगला असें विचारून भागत नाहीं. तो कोणत्या बैलाबरोबर जुंपावयाचा हेंही सांगावें लागतें. हेडफोनाचें तसेंच आहे. तो ज्या यंत्राला जोडावयाचा, त्या यंत्राशीं त्याचा मेळ बसला, तर बेताच्या किंमतीचा हेडफोनही उत्तम वाजतो. न बसला, तर हजारों रुपये मोजून आणलेला हेडफोनही मरगळल्यासारखा वाजतो. हा मेळ कसा बसतो, त्यासाठीं कोणते आकडे पहावे लागतात, आणि यंत्रावर 'गेन' म्हणून जी एक लहानशी कळ असते ती कोणत्या बाजूस ठेवावी, एवढेंच या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. दहावीच्या विद्यार्थ्यांस ओहमचा नियम ठाऊक असतोच. त्याहून फारसें अधिक गणित येथें लागणार नाहीं. ज्या यंत्रास ॲम्प्लिफायर म्हणतात, त्यास आम्ही पुढें 'वर्धक' असें म्हणूं.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यांचे हेडफोन बिनतारी, म्हणजे ब्लूटूथचे, असतील, त्यांनीं हा लेख केवळ जिज्ञासा म्हणून वाचावा. त्या हेडफोनांच्या पोटांत विजेचा घट, वर्धक व ध्वनि उत्पन्न करणारा पडदा हीं तिन्ही एकत्र बसविलेलीं असतात, आणि त्यांची जोडी कारखान्यांतच जमवून दिलेली असते. प्रश्न आहे तो तारेच्या हेडफोनांचा. २०१६ सालीं ॲपल कंपनीनें आयफोन ७ मधून हेडफोन खुपसण्याचें छिद्र काढून टाकलें, आणि मागोमाग इतर पुष्कळ कंपन्यांनीं तोच कित्ता गिरविला. तेव्हांपासून तारेचा हेडफोन वापरणारे लोक फोनाच्या खालच्या छिद्रांत वीतभर लांबीची एक जोडतार बसवितात व तिला हेडफोन लावतात. ही जोडतार म्हणजे निव्वळ तार नव्हे. तिच्या टोकाशीं आंकड्यांचें विजेच्या लहरींत रूपांतर करणारें एक साधन आणि एक चिमुकला वर्धक दडलेला असतो. म्हणजे वर्धक आपल्या घरांत आधींच शिरलेला आहे. आपण त्याला ओळखत नव्हतों इतकेंच.

हेडफोन वाजण्यास वर्धक लागतोच, असें मात्र नाहीं. मुंबईंत १९२३ सालीं रेडिओ क्लबानें हौसेनें कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास आरंभ केला, आणि २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. त्या केंद्राची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती. त्या काळचा जो सर्वांत स्वस्त रेडिओ, त्यांत ना घट, ना वर्धक. उंच बांधलेली एक तार, तांब्याच्या तारेचें एक वेटोळें, गॅलेना नांवाच्या शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्या खड्यावर टेकविलेलें तारेचें बारीक टोंक, आणि शेवटीं कानाला हेडफोन; एवढाच सारा संसार. हवेंतून तारेवर येऊन पडलेली जी काय वीज असे, तीच हेडफोनाचा पडदा हलवी. (गॅलेनाचा असा उपयोग करण्याचें अमेरिकन पेटंट आपल्या आचार्य जगदीशचंद्र बोस यांस १९०४ सालीं मिळालें होतें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.) ही वीज इतकी क्षीण असे, कीं तिचा अंशही वायां दवडून चालत नसे. खड्याच्या मंडलाचा रोध हजारों ओहम. म्हणून हेडफोनाच्या गुंडाळ्याही केसासारख्या बारीक तारेचे असंख्य वेढे देऊन, एकेका कानास २००० ओहमच्या आसपास रोध येईल अशा, बनवीत. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा रोध समान असला म्हणजे जास्तींत जास्त शक्ति एकीकडून दुसरीकडे जाते, हा पदार्थविज्ञानाचा सिद्धांत आहे, व त्या वेळची सारी जोडाजोड त्यावरच चाले. सोलापूर मुंबईपासून सुमारें ४०० किलोमीटर दूर. येथें तो खडा मुकाच राहावयाचा. व्हॉल्व्ह बसविलेला, म्हणजे वर्धक असलेला, रेडिओ आल्याखेरीज मुंबईचा आवाज येथें पोंचणें जवळजवळ अशक्य होतें.

ही जुनी हकीकत मुद्दाम सांगितली. कारण तींतून निघालेला एक समज अद्यापि जिवंत आहे. वर्धकाचा व हेडफोनाचा रोध सारखा असला पाहिजे, असें जाणते म्हणविणारे लोकही सांगतात. शक्ति दुर्मिळ होती तोंवर तें खरें होतें. वर्धकानें शक्तीची ददात मिटविली, आणि त्याबरोबर नियमही पालटला. आजच्या चांगल्या वर्धकाचा स्वतःचा रोध एक ओहम किंवा त्याहूनही कमी असतो, आणि हेडफोनांचा १६ पासून ६०० ओहमपर्यंत. या दोहोंतील अंतर हा दोष नसून गुण आहे. तो कसा, तें पुढें येईलच.

हेडफोनाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत दोन आंकडे छापलेले असतात. एक ओहममध्यें दिलेला रोध. यास इंपीडन्स म्हणतात, कारण तो उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध आहे. दुसरा डेसिबलमध्यें दिलेली संवेदनक्षमता. पहिल्यावरून वर्धकानें दाब अधिक द्यावयाचा कीं प्रवाह अधिक द्यावयाचा हें कळतें. दुसऱ्यावरून एकंदर शक्ति किती लागेल हें कळतें.

दाब आणि प्रवाह यांतील भेद आमच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या मुलाला फोड करून सांगण्याची गरज नाहीं. डाळिंबाच्या बागेंत ठिबक असतें. त्याच्या तोट्या इतक्या बारीक, कीं पाणी थोडें जातें; पण शेवटच्या झाडापर्यंत तें सारखें पोंचावें म्हणून नळींत दाब चांगला लागतो. उसाला पाटानें पाणी देतात. तेथें दाब जवळजवळ नकोच, पण पाण्याचा लोंढा मोठा हवा. एका कामासाठीं घेतलेला पंप दुसऱ्या कामाला लावला, म्हणजे पंप वाईट नसूनही शेत कोरडें राहतें. ३०० किंवा ६०० ओहमचा हेडफोन हा ठिबकासारखा समजावा: त्यास प्रवाह थोडा, दाब मोठा. १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन पाटासारखा: दाब थोडा, प्रवाह मोठा. दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध, आणि शक्ति म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध. या दोन सूत्रांत बहुतेक हिशेब आला.

डेसिबल हें माप थोडें निराळ्या चालीचें आहे. तें बेरजेनें चढतें, पण त्याच्यामागील वस्तु गुणाकारानें वाढत असते. शक्ति दुप्पट झाली कीं ३ डेसिबल वाढतात, दसपट झाली कीं १०, शंभरपट झाली कीं २०. दाबाच्या हिशेबानें पाहिलें, तर दाब दुप्पट म्हणजे ६ डेसिबल, व दसपट म्हणजे २०. कानाला मात्र दहा डेसिबलांची वाढ सुमारें दुप्पटच भासते. म्हणजे कानाला आवाज दुप्पट वाटावा म्हणून वर्धकाला दसपट शक्ति खर्चावी लागते.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. जर्मनींतील बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ८८० हा हेडफोन एकाच घडणीचा असून ३२, २५० व ६०० ओहम अशा तीन रोधांत निघाला. तिन्हींची संवेदनक्षमता ९६ डेसिबल दिलेली आहे. म्हणजे एक मिलिवॅट शक्ति दिली असतां कानाशीं ९६ डेसिबलांचा ध्वनि. शिक्षकास याहून सोयीचें उदाहरण मिळणें कठीण! ऐकण्याची सरासरी पातळी आपण ७५ डेसिबल धरूं. परंतु तबल्याची थाप किंवा वाद्यवृंदाचा एकदम उठलेला कल्लोळ सरासरीहून २० डेसिबल किंवा त्याहूनही वर उडी घेतो, आणि कांहीं ध्वनिमुद्रणें मुळांतच हळू असतात. म्हणून वर्धकाजवळ ११० डेसिबलांपर्यंतची ताकद शिलकेंत असावी, असें आम्ही धरून चालतों. ही शिल्लक क्षणभराच्या उड्यांसाठीं आहे. सतत तेवढ्या आवाजांत ऐकण्यासाठीं नव्हे. ९६ पासून ११० पर्यंत १४ डेसिबल, म्हणजे शक्ति २५ पट, म्हणजेच २५ मिलिवॅट. शक्ति तिघांसही सारखीच लागली. पण दाब? ३२ ओहमच्या हेडफोनास ०.९ व्होल्ट, २५० ओहमच्यास २.५ व्होल्ट आणि ६०० ओहमच्यास ३.९ व्होल्ट. प्रवाहाचा क्रम याच्या अगदीं उलट: २८, १० व साडेसहा मिलिअँपिअर. फोनाची जोडतार साधारणतः अर्ध्यापासून एक व्होल्टपर्यंतच दाब देऊं शकते. ती ३२ ओहमच्या हेडफोनास पुरते. ६०० ओहमच्यास लावली, तर फार झालें तर ९८ डेसिबलांशीं तिची मजल संपते. आवाज येतो, पण थाप बसावी तेथें बसत नाहीं.

यावरून कोणी घाईनें असा नियम बांधील, कीं ओहम जास्त तो हेडफोन जड आणि ओहम कमी तो हलका. तसें नाहीं. हायफायमन कंपनीचा एचई-६ हा हेडफोन घ्या. त्याचा पडदा सपाट असून विद्युद्वाहक पट्ट्या त्या पडद्यावरच बसविलेल्या असतात. त्याचा रोध अवघा ५० ओहम. पण संवेदनक्षमता ८३.५ डेसिबल. ११० डेसिबलांसाठीं त्यास सुमारें ४५० मिलिवॅट लागतात, दाब ४.७ व्होल्ट आणि प्रवाह जवळजवळ ९५ मिलिअँपिअर. याला ठिबकाचा दाबही हवा आणि पाटाचा लोंढाही हवा. उलट, कानाच्या भोंकांत बसणाऱ्या कित्येक इअरफोनांचा रोध १६ ओहम व संवेदनक्षमता ११० डेसिबल असते. त्यांस तेवढ्याच आवाजासाठीं एक मिलिवॅट, म्हणजे ०.१३ व्होल्ट, पुरे. दोन्ही कानाला लावावयाच्याच वस्तु, पण एकीच्या भुकेंत व दुसरीच्या भुकेंत साडेचारशे पटींचें अंतर! एक सावधगिरी येथें सांगून ठेवतों. कांहीं कंपन्या संवेदनक्षमता मिलिवॅटवर न देतां व्होल्टवर देतात, व तो आंकडा मोठा दिसतो. ३०० ओहमच्या हेडफोनावर 'एका व्होल्टास १०३ डेसिबल' असें लिहिलें असेल, तर तेंच एका मिलिवॅटास सुमारें ९८ होतात. तुलना करण्यापूर्वीं दोन्ही आंकडे एकाच मापांत आणावे.

वर्धकाच्या खोक्यावरील आंकडाही असाच तपासून घ्यावा. 'एक वॅट' असें ठळक अक्षरांत छापलेलें असतें. पण तो एक वॅट किती ओहमवर, तें बारीक अक्षरांत असतें, किंवा नसतेंच. ३२ ओहमवर एक वॅट म्हणजे ५.७ व्होल्ट. तोच दाब ३०० ओहमवर पडला, तर शक्ति १०७ मिलिवॅटच होते. यांत लबाडी नाहीं. पण ग्राहकाला अर्धेंच सांगितलें जातें. नव्या पेठेंत दुकानासमोर उभें राहून हें गणित करावयास दोन मिनिटें पुरतात, आणि त्या दोन मिनिटांनीं पालकांचे कांहीं हजार रुपये वांचूं शकतात.

आतां वर्धकाच्या स्वतःच्या रोधाविषयीं. गल्लींत शेजाऱ्यानें नळ उघडला, कीं आपल्या नळाची धार बारीक होते. कारण मागून येणारी नळी अरुंद असते. नळी रुंद असती, तर कोणी किती तोट्या उघडल्या याची आपल्याला दादही लागली नसती. वर्धकाचा पोटांतील रोध ही ती मागची नळी होय. हेडफोनाचा रोध सर्व सुरांना सारखा नसतो; खर्जांत एक, तर वरच्या सप्तकांत दुसरा, असा तो बदलतो. समजा, एका इअरफोनाचा रोध खर्जांत ३० ओहम असून वरच्या सुरांत ५ ओहमपर्यंत उतरतो. वर्धकाचा रोध १० ओहम असेल, तर खर्जास दाबाचा तीनचतुर्थांश मिळेल व वरच्या सुरांस एकतृतीयांशच. हा फरक ७ डेसिबलांचा झाला. गाणाऱ्या बाईच्या तोंडावर पदर धरल्यासारखा आवाज येऊं लागतो. वर्धकाचा रोध एक ओहम असेल, तर तोच फरक १.३ डेसिबलांवर येतो. म्हणून हेडफोनाचा रोध वर्धकाच्या रोधाच्या निदान आठपट असावा, असा एक व्यवहारी नियम आहे. १९९६ सालच्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत मात्र वर्धकाचा रोध १२० ओहम सुचविलेला होता, व जुन्या संगीतयंत्रांतून तशा मोठ्या रोधाचीं छिद्रें अजून आढळतात. अशा यंत्रास लहान इअरफोन लावून 'हा इअरफोन वाईट' असा निकाल देऊं नये. सपाट पडद्याच्या हेडफोनांचा रोध सर्व सुरांना जवळजवळ सारखाच राहतो. त्यांना ही बाधा होत नाहीं.

येथवर जोडीचा विचार झाला. आतां गेनाची कळ; आणि आमच्या मतें सर्वांत जास्त गैरसमज हिच्याविषयींच आहेत.

गेन म्हणजे वर्धनाचें प्रमाण. आंत आलेला दाब किती पटींनीं बाहेर जावयाचा, हें ती कळ ठरविते. कळेला 'लो' व 'हाय' अशा दोन, क्वचित तीन जागा असतात. 'लो' म्हणजे बहुधा एकपट, 'हाय' म्हणजे तीन-चारपट; कांहीं वर्धकांत दसपटसुद्धां. विद्यार्थ्यांची समजूत अशी, कीं 'हाय' वर कळ नेली म्हणजे वर्धकाची शक्ति वाढली. मुळींच नाहीं. वर्धक जास्तींत जास्त किती व्होल्ट देऊं शकेल, हें त्याला आंतून मिळणाऱ्या विजेवर ठरलेलें असतें. कळ कोठेंही असली तरी ती मर्यादा तीच राहते. टाकींतील पाणी तेवढेंच. तोटी किती फिरविली असतां किती धार यावी, एवढेंच गेन ठरवितो. 'हाय' म्हणजे जरा हात लागतांच भडभडून वाहूं लागणारी तोटी, आणि 'लो' म्हणजे हळूहळू, हवी तेवढीच उघडणारी. आवाज मोठा झाल्यासारखा वाटतो तो तोटी अधिक उघडल्यामुळें, टाकी मोठी झाल्यामुळें नव्हे.

सीडी वाजविण्याच्या यंत्रांतून व बऱ्याच घरगुती यंत्रांतून जास्तींत जास्त २ व्होल्ट बाहेर येतात. एकपट गेनावर ते २ व्होल्टच राहतात. वरचीं उदाहरणें आतां पुन्हा पहा. ३२ ओहमच्या हेडफोनास ०.९ व्होल्ट हवे होते. एकपट गेन त्यास भरपूर झाला. २५० ओहमच्यास २.५ हवे होते. २ व्होल्टांत तो १०८ डेसिबलांपर्यंत जातो, म्हणजे फार हळू ध्वनिमुद्रणें सोडलीं तर काम भागतें. ६०० ओहमच्यास ३.९ व्होल्ट हवे. त्यास दुप्पट गेनाखेरीज गत्यंतर नाहीं. आणि ०.१३ व्होल्टांत तृप्त होणारा जो इअरफोन, त्यास एकपट गेनही गरजेच्या पंधरापट होतो. तेथें कोणी दसपटीची कळ लावली, तर काय होईल?

पहिली गोष्ट म्हणजे शांततेंत 'स्स्स' असा फुसफुसाट ऐकूं येऊं लागेल. प्रत्येक वर्धकांत विजेची थोडी स्वतःची खळबळ असते, आणि गेन वाढविला कीं तीही त्याबरोबर वाढते. आवाजाची कळ बहुधा वर्धनाच्या आधीं असते. म्हणून आवाज कमी केला तरी ही खळबळ कमी होत नाहीं. ती २० मायक्रोव्होल्ट आहे असें धरा. ६०० ओहमच्या डीटी ८८० मधून तिचा ध्वनि ४ डेसिबल निघेल. तो कोणासही ऐकूं येणार नाहीं. त्याच २० मायक्रोव्होल्टांचा त्या लहान इअरफोनांत ३४ डेसिबलांचा ध्वनि होतो, आणि रात्रीं शांत खोलींत तो स्पष्ट ऐकूं येतो. यंत्र तेंच, खळबळ तीच. एकाला ती अमृतासारखी निःशब्द, दुसऱ्याला डांसासारखी. म्हणून 'हा वर्धक फुसफुसतो' अशी तक्रार ऐकली, म्हणजे आम्ही आधीं विचारतों, कीं त्याला लावलें होतें काय, आणि गेन कोठें होता.

दुसरें असें, कीं अशा वेळीं आवाजाची गोल कळ जेमतेम हलवितांच पुरेसा आवाज येतो, आणि या कळेच्या अगदीं आरंभाच्या भागांत डाव्या व उजव्या कानाचा तोल बिघडलेला असतो. गाणारा मधोमध असावयाचा, तो एका कानाकडे सरकतो. कळ निम्म्यापलीकडे नेली कीं तोल सावरतो. पण 'हाय' गेनावर निम्म्यापलीकडे न्यावयाची म्हणजे कानांचे पडदे पणास लावावयाचे. आणि बोट चुकून लागलें, किंवा हळू गाण्यानंतर एकदम मोठें गाणें आलें, तर तें टाळावयास वेळच मिळत नाहीं. गेन फार कमी ठेवल्याचा तोटा एवढाच, कीं कळ शेवटास गेली तरी आवाज पुरत नाहीं. तो तत्काळ लक्षांत येतो, व कोणास इजाही करीत नाहीं. म्हणून दोन्ही जागीं काम भागत असेल, तर आम्ही निःशंकपणें 'लो' च निवडूं.

या शेवटच्या मुद्द्यावर पालकांसाठीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे. कारण आमचें शहर मागांचें आहे. धोटा मारणाऱ्या यंत्रमागाच्या शेडमध्यें आवाज बहुधा ९० डेसिबलांच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. गोंगाटानें येणारें बहिरेपण हें १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत, ज्यांची खबर सरकारास द्यावयाची अशा रोगांच्या यादींत, होतें. म्हणजे कायद्यालाही तें ठाऊक आहे. कित्येक घरांना लागूनच माग चालतात, आणि भिंतीच्या अलीकडे मुलगा इअरफोन लावून अभ्यासाचें व्याख्यान ऐकत असतो. मागाच्या खटखटाटावर शब्द ऐकूं यावे म्हणून तो आवाज वाढवितो. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर अधिक ताकदीचा वर्धक मागतो किंवा गेन 'हाय' वर नेतो. त्याला हवा असतो स्पष्टपणा. आणि तो विकत घेतो मोठेपणा. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांनीं २०१९ सालीं जें प्रमाण प्रसिद्ध केलें, त्यांत प्रौढांसाठीं आठवड्यास ८० डेसिबलांवर ४० तास आणि मुलांसाठीं ७५ डेसिबलांवर ४० तास ही मर्यादा दिली आहे. दर ३ डेसिबलांमागें ही वेळ निम्मी होते. प्रौढाच्या हिशेबानेंच मोजलें, तरी ९५ डेसिबलांवर आठवड्यांतून सवा तास उरतो, आणि १०० वर सुमारें २४ मिनिटें. अंतःकर्णांतील ज्या सूक्ष्म केशपेशी आवाज टिपतात, त्या एकदां मेल्या कीं माणसांत पुन्हा उगवत नाहींत.

अशा ठिकाणीं उपाय वर्धक हा नव्हे. कानाच्या भोंकांत नीट बसणारीं रबरी टोपणें, किंवा कान पूर्ण झांकणारा बंद पाठीचा हेडफोन, बाहेरचा गोंगाट पुष्कळ अंशीं अडवितो, आणि मग तेंच व्याख्यान पूर्वींच्या मानानें फारच कमी आवाजांत समजतें. उघड्या पाठीचे हेडफोन ध्वनीच्या दृष्टीनें सुंदर असतात; पण ते शांत खोलीसाठीं आहेत, मागाशेजारच्या खोलीसाठीं नव्हेत. पालकांनीं खरेदीच्या आधीं एवढेंच पहावें: सध्यांच्या फोनावर किंवा संगणकावर आवाजाची पट्टी निम्म्याच्या आसपास असतां शांत खोलींत मुलाला स्वच्छ ऐकूं येत असेल, आणि फुसफुसाट नसेल, तर निराळा वर्धक घेण्याचें कांहींही कारण नाहीं. महाग वर्धकानें ध्वनि 'खुलतो' असें दुकानांत ऐकवून दाखवितात, तेव्हां दोन्ही यंत्रांचा आवाज समान केला आहे कीं नाहीं, तें विचारावें. एखादें यंत्र किंचित मोठें वाजलें कीं तेंच सरस वाटतें, आणि पुष्कळ स्तुति त्या एका डेसिबलावर उभी असते.

वर्धक घेतलाच, तर कळ लावण्याचा क्रम असा ठेवावा. हेडफोन कानाला न लावतां प्रथम आवाजाची कळ शून्यावर आणावी व गेन 'लो' वर ठेवावा. मगच हेडफोन वर्धकास जोडावा. फोनांतून किंवा संगणकांतून येणारा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा, म्हणजे वर्धकाला सकस संदेश मिळतो आणि त्याची खळबळ त्याखालीं दबून जाते. आपल्या संग्रहांतील सर्वांत हळू असें एक ध्वनिमुद्रण लावून, मग हेडफोन कानाला लावावा व कळ सावकाश वाढवीत जावें. घड्याळाच्या तबकडीप्रमाणें पाहिलें, तर कळेचें टोंक बारा ते तीनच्या दरम्यान असतां पुरेसा आवाज आला, म्हणजे जोडी जमली. अगदीं टोंकास जाऊनही आवाज कमीच पडला, तरच हेडफोन कानावरून काढून, आवाज पुन्हा शून्यावर आणून, गेन एक पायरी वर न्यावा. चालू आवाजांत ही कळ कधींही फिरवूं नये. लहान इअरफोनाच्या बाबतींत 'लो' वरही टोंक नऊच्या अलीकडेच राहत असेल, तर वर्धक त्याच्या मानानें फार मोठा आहे, व फोनाची साधी जोडतार अधिक बरी. घरांत दोन हेडफोन असतील, तर ज्याची संवेदनक्षमता अधिक तो लावण्यापूर्वीं दर वेळीं हा क्रम पहिल्यापासून करावा. आधींच्या हेडफोनासाठीं लावून ठेवलेली कळ दुसऱ्याच्या कानावर कडाडून पडते, ती याच विसरामुळें.